गाण्यात सहाजण, पण फॉलोअर एकाचेच वाढतात? कोलॅबच्या क्रेडिटमधला घोळ असा शोधा

मी नाशिक आणि खानदेश पट्ट्यातल्या स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांचं अपलोडिंग बघतो, म्हणजे गाणं रेकॉर्ड झालं, शूट झालं, एडिट होऊन हार्ड डिस्कवर आलं की तिथून पुढचं टायटल, थंबनेल, डिस्क्रिप्शन, रील, डिस्ट्रिब्युटरचे (गाणं ऑडिओ ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीचे) फॉर्म हे सगळं माझ्याकडे. लग्नसराई असो, एप्रिलमधल्या जयंतीची गाणी असोत की गणपतीची, प्रत्येक सीझनला एकच दुखणं घेऊन लोक येतात, की कोलॅब केला, म्हणजे दुसऱ्या कलाकारासोबत मिळून गाणं केलं, एवढा खर्च केला, पण त्याचा ऑडियन्स माझ्याकडे आलाच नाही आणि माझा त्याच्याकडे गेला नाही. तोवर अल्गोरिदमला दोष देऊन झालेला असतो, बूस्टला पैसे घालून झालेले असतात. आणि पोस्ट उघडून बघितली की बहुतेक वेळा घोळ क्रेडिटमध्येच सापडतो. नाव लिहिलेलं असतं, पण अशा जागी की ते कोणाला दिसत नाही, किंवा दिसलं तरी दाबता येत नाही.

आधी लक्षणं

- व्हिडिओला व्ह्यूज चांगले आलेत पण गीतकाराच्या, ढोलकीवाल्याच्या चॅनलवर काहीच हालचाल नाही.
- नाव दाबलं तर काही उघडत नाही, किंवा भलत्याच माणसाचं चॅनल उघडतं.
- इन्स्टावर टॅग केलंय तरी समोरच्याच्या प्रोफाइलवर रील दिसत नाही.
- कॉमेंटमध्ये लोक विचारतायत "संबळ कोणी वाजवलाय दादा", आणि खाली नाव तर लिहिलेलं आहे.
- व्हॉट्सॲपवर गाणं गावभर फिरतंय, कोणाचं आहे ते कोणालाच माहीत नाही.
- ऑडिओ ॲपवर गाणं त्याच नावाच्या दुसऱ्याच गायकाच्या पानावर जाऊन बसलंय.
- सहकलाकाराने स्वतःच्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या चॅनलवर टाकला आणि त्यालाच कॉपीराइट क्लेम आला.
- गीतकाराच्या जागी "पारंपरिक" लिहिलं आणि त्यांच्या घरच्यांचा फोन आला.

यातलं एक जरी जुळत असेल तर खालच्या क्रमाने जा. क्रम मुद्दाम असा लावलाय, आधी फुकटातल्या दोन मिनिटांच्या गोष्टी, मग थोडी मेहनत, आणि शेवटी जिथे पैसा आणि वकील लागतो ते. उलट क्रमाने जाणारे लोक मी बघतो, डिस्ट्रिब्युटरला मेलवर मेल चाललेत आणि इकडे हँडलमध्ये, म्हणजे ॲटचं चिन्ह लावून लिहायच्या चॅनलच्या नावात, एक अक्षर चुकलेलं आहे.

दुसऱ्याच्या फोनवरून बघा

आपल्या यूट्यूब स्टुडिओ ॲपमध्ये व्हिडिओ कसा दिसतो याच्यावर जाऊ नका, तिथे आपल्याला सगळं उघडून दिसतं. घरातल्या कोणाचातरी फोन घ्या, ज्याने हे गाणं आधी बघितलेलं नाही असा माणूस बघा, गाणं लावून द्या आणि एवढंच विचारा की ढोलकी कोणी वाजवली सांग. तो काय करतो ते शांतपणे बघत बसा. टायटल वाचतो, खाली बोट नेतो, "आणखी" दाबतो की दाबतच नाही, दाबलं तर आधी काय दिसतं, नाव सापडलं तर त्यावर टॅप करून बघतो का, केलं तर कुठे पोचतो. मग तुम्ही स्वतः त्याच फोनवर एकेक नाव दाबून बघा आणि कागदावर तीन रकाने करा, दिसतं आणि उघडतं, दिसतं पण उघडत नाही, दिसतच नाही. पुढचं सगळं काम या कागदावरून करायचंय.

ही तपासणी पहिली का, तर इथेच कळतं की दोष दिसण्यात आहे की लिंकमध्ये. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

हँडल अक्षर-अक्षर तपासा

यूट्यूबने ऑक्टोबर २०२२ मध्ये हँडल आणले तेव्हापासून ॲटचं चिन्ह टाकून लिहिलेलं नाव थेट चॅनलवर नेतं आणि ज्याचा उल्लेख केला त्याला नोटिफिकेशन जाऊ शकतं. म्हणजे नुसतं "संगीत: अमुक" लिहिणं आणि हँडल टाकणं यात फार फरक आहे. नुसतं नाव वाचणाऱ्याला पुन्हा सर्च करावं लागतं, आणि तेवढे कष्ट फार थोडे लोक घेतात.

चुका कुठे होतात? पहिली, हँडल आठवणीतून टाइप करणं. आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, दीपकमध्ये कोणी डबल ई लावतं कोणी आय, श्रीच्या शेवटी कोणी आय कोणी डबल ई, आणि अंडरस्कोर, टिंब, ऑफिशियल, म्युझिक असली शेपटं तर असतातच. एक अक्षर चुकलं की एकतर लिंक होत नाही किंवा दुसऱ्याच माणसाकडे ट्रॅफिक जातं. त्यामुळे ज्याचं हँडल आहे त्याच्याकडूनच चॅनलची लिंक मागवा आणि तिथून कॉपी करा, फोनवर ऐकून लिहू नका.

दुसरी चूक फक्त आपण मराठीत लिहिणारे करतो. हँडलला "ने", "चा", "सोबत" चिकटवून टाकतो. तसं केलं की तो शब्दच वेगळा होतो आणि लिंक तुटायची पुरेपूर शक्यता असते. हँडलच्या आधी आणि नंतर मोकळी जागा सोडा, वाक्यात गुंफूच नका, "ढोलकी:" लिहून पुढे हँडल, संपलं.

तिसरी, सहकलाकाराने हँडल बदललंय. जुनं हँडल यूट्यूब १४ दिवस राखून ठेवतं, त्यानंतर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून जुन्या व्हिडिओंची डिस्क्रिप्शनं अधूनमधून उघडून बघा. गणपतीची गाणी दरवर्षी नव्याने चालतात, तर ऑगस्टच्या आधी एकदा सगळी तपासून घ्यायची सवय लावा.

पहिल्या दोन ओळीत काय आहे?

डिस्क्रिप्शनला ५००० कॅरेक्टर मिळतात आणि लोकांना वाटतं चला भरपूर जागा आहे, पण फोनवर "आणखी" दाबायच्या आधी जेमतेम पहिल्या एक-दोन ओळी दिसतात. त्या दोन ओळीत आपल्याकडे काय असतं, तर "चॅनलला सबस्क्राईब करा" आणि "कार्यक्रमासाठी संपर्क". मग हॅशटॅगची रांग, मग सगळ्या ऑडिओ ॲपच्या लिंका, आणि मग तळाला गीत, संगीत, संयोजन. गीतकाराचं नाव तिथपर्यंत कोणी वाचायला जात नाही.

हे उलटं करा. पहिल्या ओळीत गायक आणि हँडल, दुसऱ्या ओळीत गीत-संगीत आणि हँडल. त्याखाली वादक, प्रत्येकाचं वाद्य लिहून. मग कोरस, रेकॉर्डिंग, मिक्सिंग-मास्टरिंग, कॅमेरा, एडिट, डान्स. संपर्क नंबर आणि हॅशटॅग त्यानंतर. हे करायला खर्च शून्य आणि जुन्या व्हिडिओवरही आत्ता करता येतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, "स्पेशल थँक्स" आणि "टीम" या दोन शब्दांखाली वादकांना ढकलू नका. पावरीवाल्याने गाण्याची सुरुवातीची धून वाजवलीय, लोक त्या धूनवर नाचतायत, आणि त्याचं नाव चहा-नाश्ता बघणाऱ्या मित्राच्या शेजारी, काय केलं ते न लिहिता. चहा-नाश्ता बघणाऱ्याचेही आभार मानाच, पण वादकाच्या नावापुढे वाद्य लिहा. शेजारच्या तालुक्यातला कोणीतरी पावरीवाला शोधत असतो आणि त्याला हे नाव मिळालं तर वादकाला कार्यक्रमाची सुपारी मिळते. क्रेडिटमधून नुसते फॉलोअर वाढत नाहीत, लोकांच्या पोटाची सोय होते.

टायटल १०० कॅरेक्टरपर्यंत जातं पण फोनवर त्यातलंही शेवटचं कापलं जातं, म्हणून गाण्याचं नाव, मग गायक, आणि जागा उरली तर संगीतकार. सहाही नावं टायटलमध्ये कोंबू नका, एकही धड वाचता येत नाही.

आणि जे या गाण्यात नाहीत अशा मोठ्या गायकांची नावं डिस्क्रिप्शनमध्ये सर्चसाठी टाकली असतील तर आजच काढा. ते यूट्यूबच्या धोरणाविरुद्ध आहे, व्हिडिओ उडू शकतो, आणि खऱ्या क्रेडिटवरचा लोकांचा विश्वासही जातो.

इन्स्टावर टॅग आणि कोलॅब वेगवेगळे आहेत

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. टॅग केलं की तुमची रील समोरच्याच्या प्रोफाइलवर टॅगच्या वेगळ्या टॅबमध्ये जाते, त्याच्या मुख्य ग्रिडमध्ये नाही, आणि त्याच्या फॉलोअरना ती आपोआप जात नाही. इन्स्टाग्रामने ऑक्टोबर २०२१ मध्ये जे कोलॅब फीचर आणलं त्यात एकच रील दोघांच्या प्रोफाइलवर दिसते, वर दोघांची नावं, लाइक आणि कॉमेंट एकत्र. ऑडियन्स एकमेकांकडे न्यायचा असेल तर हे वापरायचं. पोस्ट करताना "टॅग पीपल" मध्ये जाऊन "इन्व्हाइट कोलॅबोरेटर" निवडावं लागतं, कॅप्शनमध्ये नाव लिहून कोलॅब होत नाही.

आता इन्व्हाइट पाठवलं तरी दिसत नाही, याची कारणं. समोरच्याने ते स्वीकारलेलंच नसतं, हे सर्वात कॉमन. वादक मंडळी सीझनमध्ये रोज रात्री कार्यक्रमाला, मेसेजचा ढीग, आणि त्यांनी तुम्हाला फॉलो केलेलं नसेल तर मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून राहतो. एका संबळवादकाच्या फोनमध्ये मी रिक्वेस्टचा फोल्डर उघडला तर तीन वेगवेगळ्या गाण्यांची इन्व्हाइट्स तिथे पडलेली, त्यातलं एक गाणं तर अख्ख्या लग्नसराईत वाजून गेलेलं. त्याला कोणी फोन करून सांगितलंच नव्हतं की बाबा असं असं आलंय, ॲक्सेप्ट कर. म्हणून नियम करा, पोस्ट टाकायच्या आधी फोन, पोस्ट टाकल्या टाकल्या पुन्हा फोन, आणि तो ॲक्सेप्ट करेपर्यंत फोन ठेवू नका. पहिले काही तास रील नवीन असते तेव्हाच दोन्हीकडच्या लोकांपर्यंत ती गेली पाहिजे.

दुसरं कारण, त्याच्या सेटिंगमध्ये "टॅग्ज अँड मेन्शन्स" मध्ये कोणालाच परवानगी दिलेली नसते किंवा फक्त ज्यांना तो फॉलो करतो त्यांनाच दिलेली असते. तिसरं, जुनं अकाउंट टॅग झालंय, पासवर्ड विसरल्यामुळे सोडून दिलेलं. चौथं, अकाउंट प्रायव्हेट आहे. ही चारही त्याचा फोन हातात घेऊन पाच मिनिटांत सुटतात, शक्यतो स्टुडिओतच, डबिंगच्या दिवशी करून टाका.

रीलचा आवाज "ओरिजिनल ऑडिओ" अशा नावाने पडला असेल तर त्याला गाण्याचं आणि गायकाचं नाव द्या. त्या ऑडिओवर लोक हजारो रील करतात आणि प्रत्येक रीलच्या खाली ते नाव फिरतं. पण नाव बदलायची संधी एकदाच मिळते, तेव्हा स्पेलिंग आधी कागदावर ठरवून मग टाका.

यूट्यूबवरही २०२५ पासून कोलॅबोरेटर जोडायचा पर्याय येऊ लागलाय. तुमच्या चॅनलला दिसत असेल तर जरूर वापरा, पण डिस्क्रिप्शनमधली क्रेडिटं तरीही लिहाच, कारण प्रत्येकाचं काम काय ते तिथेच कळतं.

एकच गाणं चार चॅनलवर चढलंय का?

गायकाने टाकलं, संगीतकाराने टाकलं, प्रोड्युसरने टाकलं, आणि ज्याच्या बुलेटवर शूट केलं त्यानेही टाकलं. व्ह्यूज चौघांत वाटले जातात, कॉमेंट वाटल्या जातात, आणि एकही व्हिडिओ वर येत नाही. गाणं रिलीज व्हायच्या आधी बसून ठरवा की पूर्ण व्हिडिओ एकाच घरी राहील. बाकीच्यांनी मेकिंग, रिहर्सल, आपापल्या वाद्याचा तुकडा टाकायचा आणि मुख्य चॅनलचं हँडल लिहायचं. शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमध्ये आणि कॉमेंटमध्ये लिंक पेस्ट करून उपयोग नाही, ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून त्या लिंका दाबता येत नाहीत. मुख्य चॅनलने आपल्या शॉर्टला यूट्यूब स्टुडिओमधून "रिलेटेड व्हिडिओ" लावावा, म्हणजे शॉर्टवरून थेट पूर्ण गाण्यावर जाता येतं.

ज्याच्या घरी गाणं राहणार नाही त्याला काय मिळणार हेही त्याच बैठकीत बोला. पुढचं गाणं त्याच्या चॅनलवर, किंवा कमाईत वाटा, जे काय असेल ते. हे बोलणं टाळलं की मग लोक गुपचूप आपापल्या चॅनलवर चढवतात, आणि त्यांचंही पूर्ण चुकतं असं मला वाटत नाही.

एंड स्क्रीन

व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत एंड स्क्रीन, म्हणजे पडद्यावर दाबता येणारे चौकोन, लावता येते, त्यात चार गोष्टी बसतात आणि त्यातली एक दुसऱ्याचं चॅनल असू शकते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. एडिटरला आधी सांगा की गाणं संपल्यावर दहा-बारा सेकंदांची जागा सोड, नाहीतर शेवटच्या आलापावर चौकोन येऊन बसतात. पर्यायच दिसत नसेल तर दोन गोष्टी बघा, व्हिडिओ २५ सेकंदांपेक्षा लहान आहे का, आणि "मेड फॉर किड्स" वर टिक झालंय का. बालगीत असेल तर तो टिक लावावाच लागतो आणि मग एंड स्क्रीन, कार्ड, कॉमेंट सगळं बंद होतं, तिथे व्हिडिओत छापलेलं नाव हाच मार्ग उरतो.

नाव व्हिडिओतच छापलेलं आहे का, आणि नीट वाचता येतंय का

आपल्याकडे गाणं लिंकने कमी आणि व्हॉट्सॲपने जास्त फिरतं. डाउनलोड करून पाठवलं की डिस्क्रिप्शन, टॅग, हँडल सगळं मागे राहतं आणि फक्त पडद्यावर छापलेलं तेवढं सोबत जातं. म्हणून सुरुवातीच्या पाच-सात सेकंदांत गायक, गीत, संगीत, आणि ज्या वाद्याचा सोलो आहे तिथे त्या वादकाचं नाव कोपऱ्यात, त्याच वेळी. सोलो चालू असताना नाव दिसलं तर लोकांच्या लक्षात राहतं, शेवटी पाटी दिली तर तोवर व्हिडिओ बंद झालेला असतो.

आणि अक्षरं तपासा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते हे रोजचं आहे, "किरण" मधली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते, "शिर्के" चा रफार सुटून वेगळा पडतो, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. प्रीमिअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न" करा आणि युनिकोड फॉन्ट घ्या. जुना नॉन-युनिकोड फॉन्ट असेल तर त्याच्या ले-आउटमध्येच टाइप करावं लागतं, व्हॉट्सॲपवरून आलेलं नाव पेस्ट केलं की कचरा होतो. एक्स्पोर्ट करायच्या आधी त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट ज्याचं नाव आहे त्यालाच पाठवा. माणूस आपलं नाव चुकलेलं लगेच ओळखतो.

इथपर्यंतच्या गोष्टींमध्ये बहुतेक दुखणी बरी होतात. यापुढे वेळ लागतो.

शेवटचं कडवं कापलंय का, आणि "पारंपरिक" खरंच पारंपरिक आहे का

आपल्या गाण्यांमध्ये कवीने आपलं नाव गाण्यातच ओवलेलं असतं, "तुका म्हणे", "नामा म्हणे", लावणीत शेवटी पठ्ठे बापूराव, भीमगीतात वामनदादांचं "वामन". ते बहुतेक शेवटच्या कडव्यात येतं. आणि आपण तीन मिनिटांत बसवायला किंवा रीलसाठी कोणतं कडवं कापतो, तर शेवटचंच. मग डिस्क्रिप्शनमध्ये "पारंपरिक" लिहिलं की कवी दोन्हीकडून गेला. मधलं कडवं कापा, शेवटचं ठेवा.

कायद्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचं आहे. भारतात गीताचा आणि चालीचा कॉपीराइट कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांचे शब्द आता सगळ्यांना मोकळे आहेत, तरी नाव मात्र द्याच. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत आहे, तिथे "पारंपरिक भीमगीत" लिहिणं चूकच. आणि तुकोबांचा अभंग असला तरी तुम्ही ज्या चालीत गाताय ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते, मग त्या चालीचं क्रेडिट आणि परवानगी दोन्ही लागतात. शोधायचं कसं? आधी जुन्या रेकॉर्डिंगची माहिती बघा, मग गावातल्या जुन्या भजनी मंडळातल्या, गायन पार्टीतल्या माणसांना विचारा, त्यांना बरंच ठाऊक असतं.

ऑडिओ ॲपवरची नावं

व्हिडिओ आणि ऑडिओ हे वेगवेगळ्या वाटेने जातात. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत जातं आणि त्या फॉर्ममध्ये जे भरलं तेच कायम चिकटतं. तपासायच्या गोष्टी या.

मुख्य आर्टिस्ट आणि फीचर्ड आर्टिस्ट. दोघांनी अर्धं-अर्धं गायलं असेल तर दोघंही मुख्य लावा. आणि दोन नावं एकाच रकान्यात "आणि" घालून लिहू नका, ॲप त्याला तिसराच नवा आर्टिस्ट समजतं आणि रिकामं पान तयार होतं.

आर्टिस्टचं पान. मराठीत सारख्या नावाचे गायक भरपूर, त्यामुळे अपलोड करताना त्याच्या आधीच्या प्रोफाइलची लिंक द्या. गाणं भलत्याच्या पानावर गेलं असेल तर डिस्ट्रिब्युटरला दोन्ही पानांच्या लिंका देऊन मेल टाका, वेळ लागतो पण होतं. स्पेलिंग एकदा ठरलं की आयुष्यभर तेच ठेवायचं, ज्योतिषाने मध्येच एक अक्षर वाढवायला सांगितलं तर आधी माझ्यासारख्याशी बोला, कारण ॲपच्या दृष्टीने तो नवीन माणूस होतो आणि जुने ऐकणारे मागे राहतात.

गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात टोपणनाव न टाकता खरं पूर्ण नाव टाका. रॉयल्टीची जुळणी त्यावरून होते.

आयएसआरसी. हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा कोड, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था त्याचं काम बघते, आणि बहुतेक डिस्ट्रिब्युटर तो स्वतःच देतात. डिस्ट्रिब्युटर बदलून तेच गाणं पुन्हा चढवताना जुनाच कोड द्या, नाहीतर आधीचे प्ले नव्या गाण्याला जोडले जात नाहीत. रीमिक्स किंवा नवं रेकॉर्डिंग असेल तर मात्र नवा कोड.

सहकलाकारालाच क्लेम आलाय

डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये "कंटेंट आयडी" (गाणं आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) वर टिक केलं की यूट्यूब ते गाणं जिथे सापडेल तिथे क्लेम लावतं, त्याला कळत नाही की हा आपलाच ढोलकीवाला आहे. क्लेम म्हणजे स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनलवर लागणारा ठपका) नाही, चॅनल बंद होत नाही, बहुतेक वेळा फक्त त्या व्हिडिओची कमाई क्लेमवाल्याकडे जाते. त्यामुळे घाबरून डिस्प्यूट टाकू नका, क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तोवर सगळं लटकतं. आधी ज्याच्या नावाने डिस्ट्रिब्युशन आहे त्याला फोन करा आणि सहकलाकारांची चॅनलं अलाउ-लिस्टमध्ये, म्हणजे क्लेम लागू नये अशा चॅनलच्या यादीत, टाकायला सांगा. हे रिलीजच्या आधीच करता येतं.

अनोळखी माणसाचा क्लेम आला असेल तर बीट कुठून आणली ते विचारा. ऑनलाइन घेतलेली नॉन-एक्सक्लुझिव्ह बीट किंवा रेडीमेड लूप तुमच्यासारखे शंभरजण वापरत असतात, आणि त्यातल्या एकाने ती कंटेंट आयडीत टाकली की बाकी सगळ्यांवर क्लेम. अशा गाण्यात तुम्हीही कंटेंट आयडी लावायचा नसतो. लायसन्सचा कागद वाचा, त्यात बीट बनवणाऱ्याचं नाव कसं लिहायचं तेही बहुधा दिलेलं असतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

स्ट्राइक आला असेल तर. ९० दिवसांत ३ झाले तर चॅनल जाऊ शकतं, आणि काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे स्ट्राइकला हरकत घेणारा अर्ज, ही कायदेशीर कागदपत्राची गोष्ट आहे, युट्यूबवरचा व्हिडिओ बघून ती भरू नका.

कोणी "सगळे हक्क कायमचे" अशा कागदावर सही मागत असेल तर. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ आणि ३८ बी मध्ये लेखकाला आणि परफॉर्मरला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क दिलाय, परफॉर्मर या व्याख्येत वादकही येतात आणि नर्तकही. पण त्याला अपवाद आहेत आणि ते तुमच्या कागदावर कसे लागतात हे वकीलच सांगेल.

कवी किंवा संगीतकार हयात नसेल आणि वारसांची परवानगी घ्यायची असेल तर. घरात चार भाऊ असले तर एकाची सही पुरत नाही.

आणि पैसे अडकले असतील तर. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं, गायक आणि वादकांसाठी तशीच इसामरा ही संस्था आहे, ती कामं त्यांच्या ऑफिसमार्फतच होतात.

वकील निवडताना कॉपीराइटचं काम करणारा बघा, जमिनीच्या केसेस करणारे आपले ओळखीचे वकील चांगले असतात पण हे वेगळं काम आहे. जाताना सोबत काय न्यायचं ते लिहून देतो म्हणजे तुमची फी वाया जाणार नाही: व्हिडिओची लिंक आणि अपलोडची तारीख, डिस्क्रिप्शनचे स्क्रीनशॉट, क्लेमचा किंवा स्ट्राइकचा मेल, डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मची कॉपी, बीटचं लायसन्स, कोणाला किती पैसे दिले त्याच्या यूपीआयच्या नोंदी, आणि व्हॉट्सॲपवर जे काही ठरलं होतं तो पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून, मधले मेसेज न काढता.